वडील गेले, सातबाऱ्यावर अजून आजोबाच: ऑनलाइन अभिलेखातली जमीन नावावर आणण्याबद्दल

प्रश्न थोडक्यात असा: वडील दोन वर्षांपूर्वी वारले. शेत गावी, मुलगा पुण्यात नोकरीला, बहीण लग्न होऊन ठाण्याला. मोबाइलवर सातबारा उघडला तर त्यावर वडिलांचेही नाव नाही, आजोबांचेच आहे. घरात कायम ‘अडीच एकर’ ऐकले, तिथे ०.९७.१७ दिसते. सोसायटीचे कर्ज केव्हाच फिटले तरी बोजा तसाच आहे. पिकाचा रकाना रिकामा. सगळे ऑनलाइन झाले म्हणतात, तर यातले पुण्यात बसून किती होईल आणि गावी कशासाठी जावेच लागेल?

यातले अर्ज जवळजवळ सगळे पुण्यात बसून करता येतात. गावी जावे लागते ते जुने कागद शोधायला, चुलत्यांशी आणि आत्यांशी बोलायला आणि शेतात उभे राहून पिकाचा फोटो काढायला. पण अर्जाला हात घालण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या. संगणकावर आला तो जुनाच सातबारा. वहीत जे बरोबर होते ते बरोबर आले, जे चुकीचे होते ते चुकीचेच आले, आणि टंकताना काही नव्या चुकांची भर पडली.

पूर्वी अशी चूक पोटात घेऊन घराणी दोन-दोन पिढ्या शेती करत. ‘ज्ञानू बापू’ आणि ‘ज्ञानेश्वर बापूराव’ एकच आहेत हे तलाठ्याला ठाऊक असे, सोसायटीच्या सचिवाला ठाऊक असे, त्यामुळे कर्ज मिळे आणि अनुदानही मिळे. आता पीएम-किसान, पीक विमा, हमीभाव खरेदीची नोंदणी, फार्मर आयडी (शेतकऱ्याचा ओळख क्रमांक) या सगळ्या यंत्रणा सातबाऱ्यावरची माहिती थेट उचलतात आणि आधारवरच्या नावाशी ताडून पाहतात. यंत्राला गाव माहीत नसते. कागदावर मेलेला माणूस शेत कसतो आहे असे दिसले की ते थांबते. डिजिटल सातबाऱ्याने गावच्या जगण्यात केलेला मोठा बदल मला हाच वाटतो. रांग कमी झाली हे खरेच आहे. पण त्याहून मोठी गोष्ट ही, की माणसांच्या ओळखीवर चालणारी नोंद आता अक्षरावर चालते, आणि अक्षर बरोबर ठेवण्याची जबाबदारी खातेदारावर आली आहे.

तर आधी वाचन. महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसणारा सातबारा फक्त पाहण्यासाठी असतो. बँकेत, कचेरीत, व्यवहारात लागतो तो डिजिटल स्वाक्षरीचा. ही सोय १ मे २०१८ पासून सुरू झाली आणि त्याचे शुल्क प्रति सातबारा १५ रुपये आहे. त्यावर तलाठ्याचा सही-शिक्का लागत नाही. पीडीएफ मोबाइलवर उघडली की स्वाक्षरीच्या जागी कधीकधी प्रश्नचिन्ह दिसते आणि लोक घाबरतात. त्याचा अर्थ तुमच्या उपकरणाने ती स्वाक्षरी तपासलेली नाही, एवढाच. खाली छापलेला पडताळणी क्रमांक संकेतस्थळावर टाकला की अस्सल उतारा समोर येतो. उलट बाजूने, कोणी जमीन विकायला किंवा गहाण टाकायला तुमच्यासमोर सातबारा ठेवला तर हीच पडताळणी त्याच्यासमोर करा.

सातबारा हा दोन गाव नमुन्यांचा जोड आहे. नमुना ७ म्हणजे अधिकार अभिलेख: जमीन कोणाची, किती, कोणत्या वर्गाची, तिच्यावर कोणाचा बोजा. नमुना १२ म्हणजे पीक नोंदवही. याच्या जोडीला ८-अ काढा. त्यात तुमच्या खात्यावर गावात किती गट आहेत ते एकत्र दिसते. सातबारा गटाचा असतो, ८-अ माणसाचा. ८-अ न काढल्यामुळे दुसऱ्या शिवारातला दहा गुंठ्यांचा तुकडा वारस नोंदीतून राहून जातो आणि मग सगळी प्रक्रिया त्या एका तुकड्यासाठी पुन्हा करावी लागते.

आता तुमचे ‘कमी झालेले’ क्षेत्र. यात बहुधा चूक नाहीच. ०.९७.१७ म्हणजे शून्य हेक्टर, ९७ आर, १७ चौरस मीटर. हे लागवडीयोग्य क्षेत्र आहे. त्याच्या खाली पोटखराब क्षेत्र वेगळे दाखवलेले असते: नाला, खडक, वाट, विहिरीचा काठ. तिथे ०.०४.०० असेल तर एकूण १.०१.१७ होते. एक एकर म्हणजे ४० गुंठे आणि एक गुंठा म्हणजे १०१.१७ चौरस मीटर. अडीच एकराचे १०० गुंठे, म्हणजे १०,११७ चौरस मीटर, म्हणजे नेमके १.०१.१७ हेक्टर. अडीच एकर जागच्या जागी आहे.

घोटाळा होतो तो जुन्या उताऱ्यात. मेट्रिक पद्धत येण्याआधीचा उतारा एकर-गुंठ्यांत असतो. त्यावर २.२० लिहिले असेल तर ते दोन एकर वीस गुंठे. हाच आकडा आजच्या उताऱ्यावर असता तर तो दोन हेक्टर वीस आर झाला असता, म्हणजे पाच एकर सतरा गुंठ्यांच्या आसपास. भावकीतली कितीतरी भांडणे या एका टिंबाने पेटलेली असतात. जुना आकडा वाचताना आधी रकान्याच्या डोक्यावर एकक काय लिहिले आहे ते पाहा. आर आणि गुंठा एकच धरायचीही सवय आहे. आर १०० चौरस मीटरचा, गुंठा त्याहून किंचित मोठा. एकरभरात हा फरक अर्ध्या गुंठ्याचा पडतो.

इतके करूनही क्षेत्र खरेच कमी भरले तर कारण कोणते ते आधी ठरवा, कारण प्रत्येक कारणाचा दरवाजा निराळा आहे. हस्तलिखित उताऱ्यावर बरोबर आणि संगणकीकृत उताऱ्यावर चूक असेल, तर ती लेखनप्रमादाची दुरुस्ती. ती महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ खाली तहसीलदारांच्या आदेशाने होते. तिचा अर्ज ऑनलाइन करता येतो आणि पुरावा म्हणून हस्तलिखित सातबारा व संबंधित फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरच्या बदलाची नोंद, जोडायचा असतो. सातबारा आणि भूमी अभिलेख कार्यालयातला आकारबंद (गटांच्या क्षेत्राची तिथली मूळ नोंद) यांचा मेळ बसत नसेल, तर काम त्या कार्यालयात सुरू होते. कागदावर क्षेत्र बरोबर आणि जागेवर कमी भरत असेल, तर मोजणी आणायला हवी; सातबारा दुरुस्तीचा तिथे काही उपयोग नाही. आणि मधल्या काळात कोणी तुकडा विकला असेल तर त्याचा फेरफार सापडेल. तिथे चूकच झालेली नाही. कलम १५५ चा अर्ज हक्काच्या वादासाठी वापरायचा नसतो. ‘चुलत्याने आमचा हिस्सा लाटला’ असे १५५ च्या अर्जात लिहिले की तो अर्ज तिथेच संपतो. तो वाद अपिलाचा किंवा दिवाणी न्यायालयाचा.

फेरफार शोधण्याची पद्धत सोपी आहे, फक्त चिकाटी लागते. सातबाऱ्यावर नावासमोर कंसात, जुन्या उताऱ्यावर वर्तुळात, जे आकडे असतात ते फेरफार क्रमांक. त्या जमिनीवर जे जे घडले त्याची ती पावले आहेत. आजच्या उताऱ्यावरून सुरुवात करून एकेक क्रमांक मागे मागे काढत जा. बऱ्याच तालुक्यांचे जुने सातबारे, फेरफार आणि खाते उतारे स्कॅन होऊन ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर आले आहेत. ते पुण्यातून निघतात. जे तिथे नाहीत त्यांच्या नकलेसाठी तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात अर्ज करावा लागतो. हे गावी जाण्याचे पहिले खरे कारण.

जुन्या उताऱ्यावर दोन छोटी अक्षरे खास शोधा. नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ असेल तर ते एकत्र कुटुंबाचे मॅनेजर. म्हणजे आजोबांच्या एका भावाच्या नावावर सगळ्या भावांची जमीन लावलेली असू शकते. ‘अ.पा.क.’ असेल तर अज्ञान पालनकर्ता, म्हणजे मूळ खातेदार त्या वेळी वयाने लहान होता. तो अज्ञान मुलगा आज साठीचा झालेला असतो आणि शेरा तसाच असतो. दोन्ही शेरे कमी करण्याचे अर्ज ई-हक्क या फेरफाराचे अर्ज ऑनलाइन घेणाऱ्या सरकारी प्रणालीवर आहेत. वारस नोंदीच्या आधी हे उरकले नाही तर चुकीच्या माणसाचे वारस लागतात आणि ते निस्तरायला वर्षे जातात.

आता मुख्य काम. सातबाऱ्यावर आजोबांचे नाव आहे, म्हणजे तुमच्या वडिलांचे वारस थेट लागणार नाहीत. कायदेशीर क्रम असा: आधी आजोबांचे सर्व वारस, त्यात तुमचे वडील, मग वडिलांचे वारस. दोन्ही मृत्यूंचे कागद एकदम द्यायला हरकत नाही, पण वंशावळ आजोबांपासून सुरू झाली पाहिजे. आणि तिच्यात आत्या आल्या पाहिजेत.

हे स्पष्ट लिहितो, कारण बहुतेक वारस नोंदी इथेच खोट्या होतात. हिंदू वारसा कायदा १९५६ चा. आजोबा त्यानंतर वारले असतील तर त्यांच्या हिश्श्यात त्यांच्या मुली वारस आहेतच. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने हेही ठरवले, की त्यासाठी ९ सप्टेंबर २००५ या दिवशी वडील हयात असणे गरजेचे नाही. वडिलांच्या बाजूने पाहिले तर आई, तुम्ही, बहीण आणि आजी हयात असेल तर आजीसुद्धा पहिल्या वर्गाच्या वारस. ‘लग्न झाले, तिचे नाव कशाला’ असे म्हणून प्रतिज्ञापत्रातून बहीण गाळणे म्हणजे शपथेवर खोटे लिहिणे आहे. पूर्वी हे वर्षानुवर्षे कळत नसे, कारण वही चावडीत असे आणि लेक सासरी असे. आता ती ठाण्यात बसून पंधरा रुपयांत सातबारा काढते. हा बदल मला फार मोलाचा वाटतो. तिला हक्क सोडायचा असेल तर तिच्या खुशीने नोंदणीकृत हक्कसोडपत्र करता येते, दुय्यम निबंधकाकडे, तिच्या सहीने. साध्या कागदावरच्या किंवा मुद्रांकावरच्या अनोंदणीकृत लिखाणाने जमिनीतला हक्क सुटत नाही. आधी सगळी नावे लावा, नंतर ज्याला जे करायचे ते नोंदणी करून करा.

लागणारे कागद: दोघांचे मृत्यू दाखले, चालू सातबारा आणि ८-अ, सर्व वारसांची नावे, वये, मयताशी नाते, पत्ते आणि मोबाइल क्रमांक, वंशावळीसह प्रतिज्ञापत्र, ओळखीचे पुरावे. सर्वात जास्त अडते ते आजोबांच्या मृत्यू दाखल्यापाशी. मृत्यू चाळीस वर्षांपूर्वीचा, ग्रामपंचायतीत नोंद नाही. अशा वेळी ग्रामपंचायतीकडून अनुपलब्धतेचा दाखला घ्यायचा आणि विलंबित नोंदणीसाठी अर्ज करायचा. एक वर्षाहून जुन्या मृत्यूची नोंद दंडाधिकाऱ्याच्या आदेशाने होते. हे काम आधी सुरू करा, कारण बाकी सगळे त्याच्या पाठीमागे रांगेत उभे आहे. दुसरा अडसर नावाचा. दाखल्यावर ‘पांडुरंग’, सातबाऱ्यावर ‘पांडू’. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे त्याच प्रतिज्ञापत्रात लिहा, जुन्या शाळेचा दाखला किंवा खरेदीखत असेल तर जोडा. आणि वारसांची नावे लिहिताना आधार कार्डावर मराठीत जशी आहेत तशीच लिहा, काना-मात्रेसकट. आज ‘सुनिता’ लिहिले आणि आधारवर ‘सुनीता’ असेल, तर पुढच्या प्रत्येक योजनेत तो एक स्वर आडवा येऊ शकतो.

ई-हक्कवर अर्जाचा क्रम असा: स्वतःच्या मोबाइल क्रमांकाने खाते उघडा, जिल्हा, तालुका, गाव निवडा, फेरफाराचा प्रकार ‘वारस’, खाते क्रमांक टाकून यादीतून मयत खातेदार निवडा, मृत्यूची तारीख, वारसांची माहिती एकेक करून भरा, त्या खात्याचे सगळे गट निवडा, कागद पीडीएफ करून जोडा, स्वयंघोषणा करून सादर करा. पडद्यावरची बटणे अधूनमधून बदलतात, हा क्रम टिकून आहे. स्कॅन मोबाइलच्या फोटोपेक्षा नीट करा. तिरपा, सावली पडलेला दाखला ‘अस्पष्ट’ म्हणून परत येतो. शेवटी मिळणारा अर्ज क्रमांक जपून ठेवा. अर्ज गावच्या तलाठ्याकडे जातो. पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झाले आहे. त्रुटी असेल तर तो कारण लिहून परत पाठवतो, पण ते कारण तुम्ही स्वतः खात्यात शिरून पाहिल्याशिवाय कळेल याचा भरवसा धरू नका. आठवड्याला एकदा पाहा.

अर्ज पुरेसा वाटला की आधी वारसांची नोंद नमुना ६-क मध्ये होते, मग नमुना ६ मध्ये फेरफार क्रमांक पडतो. हितसंबंधितांना नमुना ९ ची नोटीस निघते आणि हरकतीसाठी १५ दिवस असतात. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि त्याचा अंमल सातबाऱ्यावर येतो. हरकत आली तर नोंद तक्रारी, म्हणजे वादातली, होते आणि सुनावणी लागते. त्या तारखेला मात्र गावी हजर राहायला हवे. कागद पूर्ण असतील आणि घरात एकमत असेल तर महिना-सव्वा महिना धरून चला. वारसाने मिळालेला हक्क तीन महिन्यांत कळवावा असे कलम १४९ सांगते. तुमचा काळ उलटून गेला आहे, पण उशिरामुळे हक्क जात नाही.

इथे नोटिशीबद्दल थोडे थांबून सांगतो, कारण गावाबाहेर राहणाऱ्या माणसासाठी यात खरे संरक्षण आहे. पूर्वी नोटीस चावडीच्या फलकावर लागे आणि पुण्यातल्या माणसाला ती कधीच दिसत नसे. आता ‘आपली चावडी’ या पानावर गाव निवडले की नोटीस काळात असलेले फेरफार दिसतात: क्रमांक, प्रकार, तारीख, हरकतीची मुदत. महिन्यातून दोनदा पाहिले की पंधरा दिवसांची कोणतीही नोटीस सहसा सुटत नाही. तुमच्या गटावर अनोळखी फेरफार दिसला तर लेखी हरकत त्याच मुदतीत द्या, पोच घ्या. फोनवर सांगितलेली हरकत ही हरकत नसते. मुदत हुकली आणि नोंद प्रमाणित झाली तर उपविभागीय अधिकाऱ्यांकडे कलम २४७ खाली अपील, ६० दिवसांत. त्यानंतर उशिराचे कारण पटवून द्यावे लागते.

२०२५ च्या एप्रिल-मे महिन्यांत राज्यभर ‘जिवंत सातबारा’ मोहीम झाली, मयत खातेदारांच्या जागी वारस लावण्यासाठी. तुमच्या गावात त्या वेळी आजोबांची वारस नोंद चुलत्यांनी केली असण्याची शक्यता आहे. उतारा तसाच दिसतो आहे याचा अर्थ नोंद झालेली नाही किंवा ती प्रलंबित आहे. नवा अर्ज टाकण्याआधी सातबाऱ्यावरचा ‘प्रलंबित फेरफार’ आणि ‘शेवटचा फेरफार क्रमांक’ हे दोन रकाने पाहा. एकाच मयतासाठी दोन अर्ज गेले की दोन्ही रखडतात.

वारस लागले म्हणजे जमीन वाटली असे नव्हे. सगळी नावे एका सामाईक खात्यात येतात आणि कोणाचा तुकडा कोणता ते कुठेही ठरत नाही. वाटणी हवी असेल तर नोंदणीकृत वाटणीपत्र, तहसीलदारांकडे कलम ८५ चे वाटप किंवा न्यायालयाचा हुकूमनामा, यांपैकी एक वाट धरावी लागते. आणि सातबारा हा मालकीचा अंतिम पुरावाही नाही. विरुद्ध सिद्ध होईपर्यंत नोंद खरी मानायची, इतकेच कलम १५७ म्हणते. न्यायालयांनीही वारंवार सांगितले आहे, की महसुली नोंदीने हक्क निर्माण होत नाही. म्हणून खरेदीखते आणि वाटणीपत्रे ‘आता सगळे ऑनलाइन आहे’ म्हणून पोत्यात भरून टाकू नका.

बोजा हे यातले सोपे काम. सोसायटीकडून किंवा बँकेकडून ‘कर्ज फिटले, बोजा कमी करण्यास हरकत नाही’ असे पत्र घ्या. पत्रात गट क्रमांक, खातेदाराचे नाव आणि बोजाचा फेरफार क्रमांक असलाच पाहिजे. फक्त ‘येणेबाकी नाही’ असा दाखला आणला तर कोणत्या नोंदीबद्दल तो आहे हेच कळत नाही आणि अर्ज परत येतो. पत्र जोडून ई-हक्कवर ‘बोजा कमी करणे’ हा अर्ज करायचा. नोंदणीकृत गहाणखत असेल तर आधी त्याचे मोचन (गहाण सुटल्याचा दस्त) दुय्यम निबंधकाकडे करून घ्यावे लागते. संस्था आपोआप बोजा उतरवते असे समजून लोक वाट पाहत बसतात. कर्ज फिटले त्या दिवशीच पत्र मागा.

राहिला रिकामा पीक रकाना. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली आणि पिकाची नोंद करण्याचे काम खातेदाराच्या हाती आले. शेतात जाऊन ॲपमध्ये गट, हंगाम, एकल की मिश्र पीक, पेरणीची तारीख, क्षेत्र आणि सिंचनाचे साधन भरायचे आणि उभ्या पिकाचा फोटो काढायचा. पुण्यातून हे होत नाही, कारण ॲप तुमची जागा तपासते. वाटेकरी किंवा शेजारी त्याच्या मोबाइलवरून तुमच्या खात्याची पाहणी करू शकतो. एका मोबाइलवर अनेक खातेदार नोंदवता येतात. शेतात नेटवर्क नसेल तर फोटो तिथे काढा आणि माहिती रेंजमध्ये आल्यावर पाठवा. ती पाठवलीच नाही, मोबाइलमध्ये पडून राहिली, हे सर्रास घडते. अपलोड झाल्याची खूण पाहूनच ॲप बंद करा. फोटोआधी लोकेशन चालू करून मिनिटभर उघड्यावर उभे राहा. झाडाखाली किंवा गोठ्याच्या पत्र्याखाली जागा चुकीची येते. भरल्यापासून ४८ तासांत स्वतः दुरुस्ती करता येते, नंतर कचेरीतून. आंतरपीक असेल तर दोन्ही पिके मिश्र म्हणून घाला. तूर गाळून नुसते सोयाबीन नोंदवले तर तुरीच्या हमीभाव नोंदणीला उताऱ्यावर तूर नसते. विहीर आणि बोअरही इथेच सिंचनाच्या साधनात नोंदवा. बांधावरच्या आंब्या-सागाची नोंद वेगळी आहे. ती एकदा नीट केली की भूसंपादनाच्या वेळी कामी येते.

या नोंदीला किती वजन आले आहे ते २०२३ च्या खरिपातल्या कापूस-सोयाबीनच्या मदतीत दिसले. हेक्टरी ५,००० रुपये, दोन हेक्टरपर्यंत. पहिल्यांदा ती ई-पीक पाहणी केलेल्यांपुरतीच होती. ओरड झाल्यावर सातबाऱ्यावर पीक नोंद असलेल्यांनाही घेतले. पाहणी केली नाही म्हणून शेत पडीक धरले जाणे, हा अन्याय मी मानतो. ज्याच्याकडे साधा फोन आहे त्याने काय करायचे? उरलेल्या क्षेत्रासाठी गावोगाव सहायक नेमतात, पण हंगामाच्या शेवटी त्यांच्यावर इतके गट येतात की तुमचा बांध नेमका राहतो. म्हणून हंगामाच्या पहिल्या पंधरवड्यातच करून घ्या. तारखा दर हंगामाला जाहीर होतात.

एक धोका कोणी मोकळेपणी सांगत नाही. कागदपत्रे ऑनलाइन झाली तेव्हा मधला माणूस गेला नाही, बदलला. पूर्वी तलाठ्याच्या दारात बसावे लागे, आता सेवा केंद्राच्या. घाईत केंद्रचालक स्वतःचा मोबाइल क्रमांक टाकून खाते उघडतो, पासवर्ड त्याच्याकडे राहतो, आणि पुढचे सगळे निरोप त्याच्या फोनवर जातात. गावी आई एकटी असेल तर हे नक्की तपासा: आधारला, बँक खात्याला, पीएम-किसानला आणि फार्मर आयडीला कोणाचा क्रमांक जोडला आहे? चारही ठिकाणी आईचा किंवा तुमचा असला पाहिजे. केंद्रात काम करून घ्यायला काही हरकत नाही, पण ओटीपी तुमच्या फोनवर यावा, शुल्काची पावती मिळावी आणि अर्ज क्रमांक त्या पावतीवर असावा. सातबारा देणारी ॲप आणि संकेतस्थळे बाजारात पुष्कळ आहेत. पत्त्याच्या शेवटी ‘महाभूमी डॉट जीओव्ही डॉट इन’ नसेल तिथे सातबाऱ्यासाठी आधार क्रमांक टाकू नका.

नोंद प्रमाणित झाल्यावर नवा सातबारा आणि ८-अ काढून प्रत्येक नाव अक्षर लावून वाचा. चूक असेल तर लगेच सांगा. मग आई, तुम्ही आणि बहीण, प्रत्येकाने आपापला फार्मर आयडी काढून त्यात तुमच्या खात्याचे सगळे गट जोडले आहेत का ते पाहा. पीएम-किसानला १ फेब्रुवारी २०१९ नंतर नावावर आलेली जमीन चालत नाही, पण वारसाने आलेल्या जमिनीला त्यातून सूट आहे. त्यासाठी नवीन नोंदणी करताना वडिलांचा मृत्यू दाखला आणि हाच वारस फेरफार जोडावा लागतो. म्हणून त्या फेरफाराची डिजिटल स्वाक्षरीची प्रत आजच काढून ठेवा.